मुदत सात दिवस

वर्गणी महिन्याला दहा, अनामत पन्नास,
एका वेळी एकच पुस्तक, मुदत सात दिवस,
पुढे रोज पन्नास पैसे.
पान दुमडू नये.
ओल्या हाताने पुस्तक हाताळू नये.
पाटी मीच रंगवली, भिवापूरच्या आमच्या 'ड' वर्ग वाचनालयात,
जिथे पंखा एक
आणि संदर्भ विभाग म्हणजे खिडकीचा कट्टा.

रेवंता शेंडे येते सातऱ्यावरून,
दिवसभर मिरचीचे देठ खुडून.
बोटं पदरात गुंडाळून म्हणते,
"हात ओले नाहीत जी. जळतात फक्त."
याला नियम नाही.
मी दाखल क्रमांक लिहिते, आठशे बारा.
ती मनगटानंच पुस्तक काखेत सरकवते.

अकराव्या दिवशी आणलं.
दंडाचे दोन रुपये पदराच्या गाठीत, मोजलेले.
"माह्यं कवाच झालं होतं.
सातऱ्यावरच्या बाया आयकतच नाहीत,
हसून हसून म्हणे, पुन्हा पहिल्यापासून वाच."

शिवणीत लाल भुकटी.
मी झटकलं, शिंकले, कपाटात लावलं.

मग ते नेलं निवृत्त तलाठी ठवकरांनी,
ज्यांच्या डोळ्यांत पाणी
उभ्या तालुक्यानं पाहिलं नाही.
तिसऱ्याच दिवशी दारात, नाक लाल.
"याला विनोदी म्हणतात, बाप्पा?
चाळिसाव्या पानापासून धार लागली.
त्या माणसाचं दुःख कोणाला दिसलंच नाही."

नोंदवहीत शेऱ्याचा रकाना आहे.
मी शिक्का मारला, रकाना कोरा सोडला
आणि डोळे पुसायला उचललेला हात
तसाच खाली घेतला.