गुस्सा, म्हणजे

मशहदच्या त्या दवाखान्यात दुभाषीचं नाव शुकरिया.
म्हातारा दर वाक्याला आभार मानतो
आणि ती दर वेळी वळून बघते, काय चाचा?
तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात येतं. हसतो,
हसता हसता खोकतो.

भक्करचा मुरीद अब्बास, पाच दिवस बसमध्ये.
जियारत झाली, आणि परतीच्या सकाळी
मुसाफिरखान्याच्या जिन्यात बसला तो उठेचना.

डॉक्टर बेहनूद विचारतो, काय होतंय.
सीना, म्हणतो म्हातारा. सीने, म्हणतो डॉक्टर.
दर्द. दर्द.
दिल. देल.
हे तिघे एकाच गावचे,
नाक्यावर कोणी त्यांची पोतडी उघडत नाही.
शुकरिया भिंतीला टेकते.

मग तो म्हणतो, तकलीफ आहे, फार.
डॉक्टरची भुवई वर.
त्याच्या भाषेत तकलीफ म्हणजे कर्तव्य,
म्हणजे त्याच्या लेकीचा गृहपाठ,
रात्री नऊला, अर्धा रडून केलेला.
छातीत गृहपाठ?
शुकरिया सरळ उभी राहते. दुरुस्त करते.

धंदा काय? दर्जी.
डॉक्टर उजेडासमोर एक्स-रे धरून दर्ज शोधू लागतो,
कारण दर्ज म्हणजे भेग,
आणि शिवणही;
फाटतं आणि जोडतं त्याला एकच शब्द.
म्हातारा मात्र बघतोय
डॉक्टरच्या कोटाचं दुसरं बटण,
एका दोऱ्यावर लोंबणारं.

कधीपासून?
पोरगा गेल्यापासून.
मेला नाही, गेला. कुवेतला. सात वर्षांत फोन नाही.
गुस्सा आहे, म्हणतो, इथे.
आणि मूठ नेतो गळ्याच्या खळीशी.

डॉक्टर मान डोलावतो, अगदी समजल्यासारखी,
आणि कागदावर लिहितो : गुस्से.
म्हणजे, त्याच्याकडे, दुःख.

शुकरियाचं तोंड उघडतं.
सांगायला हवं, नाही आगा, तिकडे गुस्सा म्हणजे राग,
एवढ्याचेच तर पैसे मिळतात तिला.
पण मध्येच बाप आठवतो,
गझनीत शाळेत शिकवणारा, क्वेट्यात मुळे विकणारा,
जुड्या बांधता बांधता सांगणारा :
बचेम, हा शब्द अरबांकडून निघाला तेव्हा
राग नव्हता, दुःखही नव्हता.
घशात अडकलेला घास होता. बस.
पुढे एका मुलखाने तो डोळ्यांत नेला,
एकाने मुठीत.

(हे मराठीत लिहिताना
घसा आणि घास शेजारी येऊन बसतात,
ओळख सांगू लागतात.
नातं नाही. नुसता चेहरा सारखा.)

ती तोंड मिटते.
कागदावरचं तसंच राहू देते.
आयुष्यात पहिल्यांदा चूक न सुधारता
काम पुरं झाल्यासारखं वाटतं,
आणि थोडी भीतीही.

निघताना म्हातारा टोपीच्या घडीतून सुई काढतो,
डॉक्टरला उभं करतो,
आणि छातीवरचं बटण चार टाक्यांत पक्कं करून
दोरा दातांनी तोडतो.
मेर्सी, म्हणतो डॉक्टर.
हा शब्द तर फ्रान्सहून आलेला, विमानाने,
वाटेत कुठल्या सराईत थांबलेला नाही.

म्हातारा दचकतो.
त्याच्या गावात मुहर्रमच्या रात्री
मेलेल्यांसाठी गातात तो शब्द
त्याने ऐकला.
मर्सिया? शुकरियाकडे बघतो.
कोणाचा?
पोरगा जिवंत आहे माझा.