पंचवीस अंशातला आकडा

शारजा, इंडस्ट्रियल एरिया, रात्रीचे साडेअकरा.
शटर अर्धं खाली. बाहेर छत्तीस अंश,
आत यंत्राच्या हिशेबाने त्रेचाळीस.
रोलरवर पट्ट्यांनी जखडलेली पांढरी पॅट्रोल,
वेसण घालताना खोंड उभा राहतो
तशी, अंग चोरून.

वाद मगरिबनंतर सुरू झालेला.
हमैद म्हणतो, सहा सिलिंडर, एका रांगेत,
वर हा एवढा टर्बो
(दोन्ही हातांनी कलिंगड दाखवतो)
याच्यापुढे तुझी व्ही-एट म्हणजे वरातीतला ढोल.
त्याचा आतेभाऊ खल्फान बॉनेटवर थाप मारतो:
तुझा टर्बो जागा होईस्तोवर
मी टेकडीपलीकडे चहा पीत बसलेला असतो.
"चहा? वाळूत रुतलेला असतोस.
मागल्या हिवाळ्यात लिवाला तुला कुणी ओढलं?"
"तो गिअरबॉक्सचा दोष."
"आणि गिअरबॉक्स कुणी निवडला?"

खालच्या खड्ड्यातून सियालकोटचा इफ्तिखार बोलतो,
टॉर्च दातांत धरून:
सहा बसवा, आठ बसवा,
माउंट शेवटी मलाच वेल्ड करायचे आहेत.

भांडण अरबीत, पार्टांची नावं इंग्रजीत,
मस्करी उर्दूत.
मी आकडा वाचणारा. जयसिंगपूरचा चौगुले,
आयटीआय, टर्नर.
हमैद मला मोहंदिस म्हणतो, म्हणजे इंजिनिअर.
पाच वर्षं झाली,
मी त्याला दुरुस्त केलेलं नाही.

चौथा गिअर. पाय खाली.
छपराचा पत्रा थरथरतो,
भिंतीवरचे पाने खिळ्यांवर नाचतात,
सगळ्यांचे ओठ हलतात आणि शब्द एकही नाही.
कागदी कपातल्या चहावर बारीक बारीक वर्तुळं.
मग पाय वर. एक फटाका. धूर.

नऊशे सत्याऐंशी.

हमैदला हजार हवे होते.
खल्फान खुर्चीत मागे रेलून विचारतो,
तेरा घोडे कुठे चरायला गेले?

तेव्हा मी पडद्याच्या कोपऱ्यातला चौकोन दाबतो.
उष्णतेची दुरुस्ती.
यंत्र धरून चालतं की जगात कुठेतरी
पंचवीस अंश आहेत, हवा गार, दाट,
आणि तिथे हेच इंजिन
किती ओढलं असतं ते सांगतं.

एक हजार सव्वीस.

हमैद मला मिठी मारतो, कंदुऱ्याला ग्रीस लागतं.
खल्फान उभा राहतो: खोटं!
टर्बोला ही दुरुस्ती लागत नाही, शेंबडं पोरही सांगेल.
आणि आपण राहतो कुठे?
ऑगस्टात या गल्लीत पंचवीस अंश दाखव,
माझी गाडी तुझ्या नावावर करतो.
हमैद म्हणतो, फ्रीजमध्ये आहेत, उघडून बघ.

मी दोन कागद छापतो.
एक हमैदच्या खिशात जातो,
दुसरा खल्फान घडी घालून पाकिटात ठेवतो,
आयुष्यभर पुरेल असा.

ते गेल्यावर इफ्तिखार खड्ड्यातून वर येतो,
चपला काढून रोलरवर उभा राहतो.
एकोणीस वर्षं झाली इथे, म्हणतो,
माझाही काढ की, पंचवीस अंशातला.
त्याच्या वजनाने रोलर बोटभर सरकतो.
पडद्यावर शून्य.
मी दुरुस्तीचा चौकोन दाबतो.
शून्यच.
बघ, तो म्हणतो, माझ्यात काही फरकच नाही,
मी इथे तसा तिथे,
आणि इतका हसतो की ठसका लागतो.
मी पंखा त्याच्याकडे वळवतो.

एक वाजता, शटरला कुलूप घालताना, फोन.
खल्फान. गाडीतूनच, आवाज एकदम हळू:
ते कलिंगडाएवढं, टर्बो…
बसवून धरून किती होतील?
हमैदला सांगू नकोस, मोहंदिस.

मी आकडा सांगतो.
पलीकडे बराच वेळ
फक्त व्ही-एटची गुरगुर,
सिग्नलला थांबलेली.