ती पाल, ते पाल

डागा दवाखाना, रात्रपाळी, मे महिना.
कूलरमधून ओल्या वाळ्याचा वास, त्यात फिनेल.
मी जन्मनोंदीचं रजिस्टर भरत होते.
अकरा नंबरच्या खाटेवर देवलापारकडची
सुकवंता उईके, वय वीस, पहिलटकरीण.
मुलगी. दोन किलो शंभर.
डोळे न उघडताच ती म्हणाली,
"पाल."

गुंफाबाई आया झाडू घेऊन उठली.
"कोठी हाय वं? मले तं नाई दिसून राहिली."
ट्यूबलाइटच्या मागं, खिडकीच्या चौकटीत,
सलाइनच्या दांडीभोवती शोध सुरू झाला.
शेजारच्या खाटेवरची म्हातारी जागी होऊन म्हणाली,
लेकराच्या अंगावर पडली असंल तं आंघोळ घाला.
सुकवंता पुन्हा, आता जरा चिडून:
"पाल!"

सिस्टर एलियम्मा कोट्टायमची.
तेवीस वर्षं नागपुरात, तरी अजून
"बाई आला, डॉक्टर गेली" असं मराठी.
ती दारात थबकली, ऐकलं,
आणि स्टीलच्या पेल्यात दूध घेऊन आली.

तिच्या गावी दुधाला पाल म्हणतात.
सुकवंताच्या गोंडीतही पाल.
मधल्या हजार मैलांत कुणाची कुणाशी ओळख नाही.
आणि इथं, मधोमध, आम्ही मराठी माणसांनी
तेच अक्षर भिंतीवर चढवून ठेवलेलं.

पण सुकवंतानं पेला घेतला नाही.
मान हलवली, छातीवर हात ठेवला.
पाल उतरलं होतं.
झंपर भिजला होता, तेवढंच सांगायचं होतं तिला.
एलियम्मानं पोरीला तिच्या कुशीत लावलं
आणि पेला माझ्या टेबलावर ठेवला.
"तू पी. वाया जाईल."

मी प्याले.
माझ्या शाळेच्या दाखल्यावर
जन्मस्थळ: पाल.
वाडी नाक्यापलीकडे चार बांबू, एक गोणपाट.
बाप पाट्या-वरवंट्यांना टाकी लावायचा;
जिथले पाटे गुळगुळीत झाले, तिथं आमचा मुक्काम.
गुरुजी म्हणाले, "पालीत जन्मलीस?"
सगळा वर्ग हसला.
"ती पाल नाही, गुरुजी. ते पाल."
नपुंसकलिंग मी असं शिकले,
कान लाल होऊन.

तेवढ्यात बंगाली डॉक्टर राउंडला आले,
"मला कुणी हाक मारली?"
त्यांचं आडनावच पाल.
गुंफाबाईनं तोंडात पदर कोंबला.
त्यांना सगळं सांगितलं तेव्हा तेही हसले.
म्हणाले, आमच्याकडे पाल म्हणजे नावेचं शीड,
आणि गुरांचा कळपही.
मग स्टेथोस्कोप गुंडाळता गुंडाळता:
इंग्रजीत पॅल म्हणजे दोस्त.
तो शब्द म्हणे तंबू घेऊन फिरणाऱ्यांकडूनच तिकडे गेला.
त्यांच्या बोलीत त्याचा अर्थ भाऊ.

कोणत्या वाटेनं गेले असतील ते,
किती गाढवांवर लादून,
आणि कुठल्या नाक्यावर त्यांना विचारलं असेल,
गाव कोणतं?

मी समुद्र पाहिलेला नाही.
पण वादळात गोणपाटात वारा भरायचा
आणि बाप रात्रभर दोर धरून बसायचा, दात आवळून.
शीडच होतं ते.
फक्त आमच्या खाली पाणी नव्हतं.

पहाटे रजिस्टर पुढं ओढलं.
मुलीचं नाव: अजून नाही.
सुकवंताला विचारलं, घरी कोणती भाषा बोलता?
तो रकाना नव्हता, मीच समासात आखला.
ती "गोंडी" म्हणाली आणि पोरीकडे पाहू लागली.
पोर पीत होती, डोळे मिटून,
एका हाताची मूठ घट्ट.

तेवढ्यात भिंतीवरच्या घड्याळामागून
चुक् चुक् चुक्.

गुंफाबाईनं खाटेच्या लाकडावर बोट वाजवलं
आणि आम्हा सगळ्यांकडे पाहिलं.
"मी म्हटलं नव्हतं काय,
हाय म्हून?"