हातचा

आमचं चर्च म्हणजे कोपरखैरण्यातल्या एका शाळेचा हॉल,
रविवारी आठ ते साडेदहा, भाडं आगाऊ.
क्रूस रिक्षातून येतो, चादरीत गुंडाळून.
खुर्च्या मी लावतो. फळा कुणी पुसत नाही,
शनिवारची बेरीज तशीच असते:
सत्तेचाळीस अधिक छत्तीस,
आणि चाराच्या डोक्यावर, बारीक, हातचा एक.

बाकीचे दिवस मी नेरुळला, डायलिसिसच्या यंत्रांपाशी.
पहाटे पाचला पाणी तपासायचं, फिल्टर चढवायचे,
मग दंडावरची फुगलेली शीर दोन बोटांनी चाचपायची.
आत थरथर लागली तरच सुई.
बघून भागत नाही तिथं, बोट ठेवावंच लागतं.
म्हणून थोमाला कुणी नावं ठेवली की मला राग येतो.
तो माझ्या खात्यातला माणूस.

सहा नंबरला जुईली म्हात्रे होती, करावे गावची,
अकरा वर्षांची.
"काका, आज किती लिटर?" म्हणायची,
दूधवाल्याला विचारावं तसं.
आईनं विचारलं, होईल ना बरी?
मी म्हटलं, देव करील.
म्हटलं आणि खरंच मागितलं,
फडकी ठेवायच्या खोलीत, बादलीशेजारी गुडघे टेकून,
तीन महिने.
मंगळवारी ती गेली.
शुक्रवारी आई आली. मला वाटलं, आता विचारेल.
ती म्हणाली, चपला राहिल्यात बेडखाली.

तेव्हापासून विश्वासांगीकारात
"सर्वसमर्थ" आला की माझी जीभ अडते.
वहाण तुटलेल्याला मागं ठेवून वरात पुढं जावी
तसे बाकीचे आमेनपर्यंत पोचतात.

पाळकसाहेबांना सांगितलं. त्यांनी वचनांची यादी दिली,
सकाळ-दुपार-संध्याकाळ.
यादीत खोटं काही नव्हतं.
माझं दुखणं तेवढं तिच्यात नव्हतं.

माझ्या शेजारी एस्तेरबाई उमाप बसतात.
वय अठ्ठ्याहत्तर, कानातलं यंत्र ऐन प्रार्थनेत शिट्टी मारतं.
सगळं म्हणतात मोठ्यानं, आणि सगळ्यांच्या अर्धी ओळ मागं.
पोरं हसतात.

पाचव्या रविवारी खुर्च्या घडी करताना म्हणाल्या,
"तू सर्वसमर्थाला अडतोस."
मी खुर्ची घडी केली.
"मी नऊ वर्षं अडले होते. जालन्यात. थोरला गेला तेव्हा.
सासू शेजारी बसून माझ्या वाटचं म्हणायची,
मोठमोठ्यानं. अस्सा राग यायचा."
"मग?"
"मग ती मेली. म्हणायला कुणी उरलं नाही."
त्यांनी यंत्र पिळून शिट्टी बंद केली.
"तुझं सध्या मी म्हणतेय. दोघांचं म्हणायचं तर
मागं पडायला होतंच."

माझा प्रश्न मी मागं घेतलेला नाही.
सहा नंबरचा हिशोब त्याच्याकडे येणं आहे,
आणि तो मी रोज पाच वाजता मागतो,
पाण्याची तपासपट्टी रंग बदलेपर्यंत.
परवा मध्येच लक्षात आलं,
मी थांबून उत्तराला जागा देत होतो.

आता त्या बेडवर घणसोलीचे एक आजोबा आहेत.
त्यांनीही विचारलं.
मी म्हटलं, मी एक वाजेपर्यंत इथंच आहे.
मग बोटं ठेवली. थरथर होती.
कुणाची, ते मी त्या क्षणी ठरवलं नाही.

गेल्या रविवारी "सर्वसमर्थ" एस्तेरबाईंनी म्हटलं.
पुढचा "पिता" माझ्या घशातून गेला,
खरखरीत, अर्धी ओळ उशिरा.
शिट्टी वाजत होती. त्यांना ऐकू गेलं का, कळलं नाही.

फळ्यावर बेरीज नवी होती,
तास संपल्यामुळे बहुतेक अर्ध्यात सुटलेली.
खाली उत्तर नव्हतं.
वर हातचा तेवढा मांडून ठेवला होता.