खिडकीबाहेर डोकं काढू नये

जळगावला आईच्या डोळ्याची पट्टी सुटली, तो मंगळवार.
संध्याकाळच्या पॅसेंजरने भुसावळला परतलो
आणि उंबऱ्यातच ती थांबली, चप्पल एका पायात.
"हाई घर इतलं कायं शे?
माले वाटे मना डोयाच गयात."

चाळीस वर्षं राहिली होती इथे.

भिंती सागाच्या. सागाच्या म्हणजे
मोडीत निघालेल्या डब्यांच्या फळ्या,
बाबांनी लिलावात घेतलेल्या,
हातगाडीवरून तीन खेपांत आणलेल्या,
पत्र्यापर्यंत ठोकलेल्या,
वर दर दिवाळीला व्हार्निशचा एक हात.
दिवाळीवर दिवाळी चढत गेली,
खोली काकवीसारखी दाट होत गेली.
ट्यूबलाइट भरदुपारीही लागायची.
पाहुणे म्हणायचे, वा सुकलाल, फर्स्ट क्लास!
मी दहावीपर्यंतचा अभ्यास ओट्यावर केला.

हेमराज सुरतेहून फोनवर रंग पाठवतो:
मोतिया, हस्तिदंती, आणि एक नुसताच आकडा.
म्हणतो, फळ्या भंगारात घाल, पीओपी करून टाक.
खडका रोडच्या इसाकभाईंनी भिंतीवर बोट वाजवलं,
कान लावला.
"ताई, लाकूड जितं आहे. तीन भिंती रंगवा हव्या तर,
एक नुसती खरवडू."

खरवडली.
तपकिरी पापुद्रे केसांत, वरणात,
माझ्या शाळेच्या हजेरीपटात.
आई नव्या डोळ्यांनी कोपरे तपासत फिरायची
आणि सापडलेल्या प्रत्येक जाळ्याबद्दल
माझ्याकडे बघायची.

पाचव्या दिवशी, कमरेच्या उंचीवर, एक अक्षर. मग दुसरं.
पिवळ्या रंगातलं, सरकारी वळणाचं:
खिड़की से बाहर सिर न निकालें।

या खोलीला खिडकीच नव्हती.

इसाकभाई पत्री ठेवून खाली बसले, पोट धरून.
मीही हसले. आईला वाचून दाखवलं, ती हसली नाही.
म्हणाली, त्यांची रात्रपाळी असायची.
सकाळी शेडमधून यायचे, डोळे इंगळासारखे.
उन्हाळ्यात पत्रा सातलाच तापायला लागायचा,
तीन बिऱ्हाडांत एक नळ, त्यावर भांडी, भांडणं, पोरं,
शेजारच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी.
अंधार कुठे भाड्याने मिळतो का?
मग त्यांनी तो फळीफळीने घरी आणला.

मला हे माहीत नव्हतं.
मी गावठी म्हणायचे त्याला,
मैत्रिणींना ओट्यावरूनच परत पाठवायचे.

खिडकी तरीही पाडली, त्या ओळीच्या बरोबर वर.
अक्षरं राखली. उरलेल्या भिंती मोतिया,
छतात एक पारदर्शक पत्रा.
आता साडेदहाला उजेडाचा चौकोन बाजेपाशी येतो,
दीडला ट्रंकेवर चढतो,
आई सूप घेऊन त्याच्या मागे मागे सरकते.
तुरीतले खडे तिला सापडतात,
माझ्या डोक्यातले पांढरेही.
हेमराजने फोटो बघून विचारलं,
एक भिंत राहिली का रंगवायची?

खिडकीतून फार काही दिसत नाही:
चौधरींची पाण्याची टाकी, निंबाची फांदी,
लांब दीपनगरच्या चिमण्या.
आई रोज सकाळी डोकं बाहेर काढते,
चांगलं खांद्यापर्यंत.

मग मे आला.
सेहेचाळीस. कुत्री मोरीत येऊन बसली.
आईने काही न बोलता
बाबांचं ड्यूटीवरचं ब्लँकेट भिजवून खिडकीला टांगलं,
मला स्टुलावर चढवून
त्या पत्र्याखाली पोतं खिळवून घेतलं.
खोली परत काकवी.
आम्ही दोघी फरशीवर आडव्या,
बाज मोकळीच.
मी शाळेतलं काहीतरी सांगायला लागले,
जरा मोठ्याने,
तर तिने चटकन ओठांवर बोट ठेवलं.