पापुद्रा

बाटली एकच. द्रावण तेच, टोल्युइनमधलं.
जाडीही तीच, दोनशे नॅनोमीटर:
एका केसाचे उभे चारशे काप केले
तर त्यातला एक.

पहिला मी फिरत्या चकतीवर ओतला,
मिनिटाला तीन हजार फेरे.
अर्ध्या मिनिटात टोल्युइन उडून गेलं
आणि साखळ्या होत्या तिथेच थिजल्या,
एकमेकींत गुंतायला सवडच मिळाली नाही.

दुसरा बोगुमिवाचा.
तिने द्रावण पातळ करून काचेवर सोडलं,
वर बशी पालथी घातली आणि घरी गेली. शुक्रवार होता.
शनिवारी वूचमध्ये ट्रामचा संप, रविवारी बर्फ.
सोमवारी बशीखाली
दुधावर धरावी तशी साय धरलेली.
"बोट नको लावूस," ती म्हणाली. माझी खोड तिला ठाऊक होती.

काच तिरकी धरून पाण्यात बुडवायची. हळू.
कडेने पाणी आत शिरतं,
पापुद्रा सुटतो, तरंगतो,
जांभळा, मग पितळी,
श्वास लागला तर सुरकुततो.
तिथेच, पाण्यावरच, त्याला दोन चिमट्यांत धरायचं.

माझा दोन टक्क्यांवर फाटला.
आवाज नाही. आलेखावरची रेघ तेवढी खाली पडली.
तिचा ताणत राहिला. नऊ. अकरा.
मी उठून खिडकीशी जाऊन आलो,
तरी ताणतच होता.

"पदार्थ एक, जाडी एक, मग आकडे दोन कसे?"
गुरुवारी डॉक्टर स्कोव्हरोन्स्का विचारणार.

बोगुमिवाची आई याच इमारतीत कामाला होती,
इमारत सूतगिरणी होती तेव्हा.
धावत्या धाग्यावर बोट टेकवून सांगायची,
हा उद्या तुटणार. मुकादम हसायचा.
उद्या तुटायचा.
"कापूस सगळा एकाच गाठोड्यातला," बोगुमिवा म्हणाली
आणि चहात लिंबू पिळलं.

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.
आम्हाला सुंभ न जाळता पीळ काढायचा होता:
निर्वात भट्टी, एकशेवीस अंश, रात्रभर.
माझे उरलेले तीन काचेसकट आत ठेवले.

सकाळी एक सातावर फाटला, एक आठावर.
तिसरा चिमट्यात धरतानाच गेला.
त्यात भट्टीचा दोष नव्हता, हात माझा होता.

वहीत तेही लिहिलं,
कोणत्या वारी, किती घाईत, कोणाच्या हातून.
छापील रकाना नव्हता त्याला.
समासात लिहिलं.