तांडेल बदलला त्या दिवशीचा तास

खाऱ्या हवेनं इथे खडू ओलावतो,
फळ्यावर अर्धाच उमटतो.
'विश्वासदर्शक' लिहिलं की 'विश्वास' नेमका फिका येतो,
म्हणून मी तेवढा दोनदा गिरवते.

नववी ब. अठ्ठावीस पोरं.
खिडकीतून हर्णैचा किनारा दिसतो, लिलाव ऐकू येतो.
संसदेतला गलका याहून फार वेगळा नसावा,
हे माझं खाजगी मत, परीक्षेत लिहू नये.

कारभार राष्ट्रपतींच्या नावानं,
चालवतं मंत्रिमंडळ,
आणि मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार.
पोरांनी उतरवून घेतलं
जसा घरी सुरमईचा भाव उतरवतात,
उद्या खोडायचाच आहे अशा हातानं.

तेवढ्यात हरेश चोगले उठला. वर्षभरात पहिल्यांदा.
"बाई, परवा आमच्या बोटीवर हेच झालं."

बाप तांडेल, अकरा हंगाम.
यंदा तीन फेऱ्या रिकाम्या गेल्या, चौथीला जाळं फाटलं.
रात्री स्टोव्हभोवती बसून खलाशी म्हणाले,
गजाननदादा, आता सुकाणू दामूकडे दे.
हात मोजले. सातांत पाच.
मग मालकाला फोन.
बोट त्याच्या नावची, परवाना त्याचा,
डिझेलच्या पावतीवर सही त्याची,
आणि स्वतः तो बोटीवर चढतो वर्षातून एकदा,
नारळी पुनवेला, इस्त्रीच्या सदऱ्यात.
तो म्हणाला, तुमचं ठरलं ना? मग माझंही तेच.

"आणि तुझे बाबा?"
विचारून बसले, आणि जीभ चावली.

"आहेत की. बोटीवरच.
नाळेवर बसतात. पुढे खडक दिसला की ओरडतात.
दामूकाकाला नाही आवडत.
पण खडक असतो, बाई."

फळ्यावर 'विरोधी पक्ष' अजून लिहायचा होता.
मी खडू नुसताच हातात धरला.

मागच्या बाकावरून नफीसा मुकादम:
"पाचांनी ठरवलं असतं, याला पाण्यात ढकला, तर?
तेही बहुमतच ना?"
वर्ग हसला. हरेश नाही हसला.

मी खिडकीकडे बोट केलं.
वाळूवर उलाला टेकवून ठेवलेली एक बोट,
अनंत मेस्त्री तिच्या पोटाखाली पालथा.
त्याला विचारा, म्हटलं. कुजल्या फळ्या तो बदलतो,
वेळ आली तर फासळ्याही, पण सगळ्यांना विचारून, मापं घेऊन.
पठाणाला मात्र हात लावत नाही.
तळाचं ते एक लाकूड काढायचं
तर म्हणतो, नवी बोट बांधा, हिचं नाव लावू नका.
माणूस ढकलू नये हे पठाणात लिहिलेलं असतं.
आपण त्याला संविधान म्हणतो.

"आणि पठाण कुठं संपतो, फळी कुठं लागते,
ते कोण सांगतं?"
न्यायालय.
"ते चुकलं तर?"

बाकीच्या पोरांनी दप्तरं भरायला घेतली होती.
मी म्हणाले, मग बोलत राहायचं, लिहीत राहायचं,
पुढच्या खेपेला मत द्यायचं,
आणि माझ्याच कानाला ते थोडं
पाठ्यपुस्तकासारखं लागलं.
घंटा झाली म्हणून सुटले.
नफीसा नाही सुटली. तिच्या वहीत
तो प्रश्न आहे अजून, खाली चार ओळी कोऱ्या सोडून.

सहामाहीत आलं: विरोधी पक्षाचे कार्य लिहा. गुण दोन.
हरेशनं लिहिलं, नाळेवर बसणे.
खाली, खाडाखोड करून: आणि घरी न जाणे.

मी दीड दिला.
अर्धा कशाचा कापला
ते त्यानं विचारलेलं नाही.
रोज हजेरी घेताना वाटतं, आज विचारेल.